‘काही झालं नाही’ हे ठरवायचं कोणी?

गाडी आदळते, काचा फुटतात, माणसं दार ढकलून बाहेर येतात. हातपाय हलवून बघतात, कपाळाला हात लावून रक्त आलंय का ते पाहतात, आणि कोणी विचारण्याआधीच सांगून टाकतात, ‘मला काही झालं नाही.’ त्यानंतर सगळ्यांचं लक्ष गाडीकडे जातं. चूक कोणाची, भरपाई कोण देणार, गाडी ओढून कुठे न्यायची यात तास-दीड तास जातो. आदळलेल्या माणसाची तपासणी तेवढी राहते, आणि ती त्याच्या त्या एका वाक्यावर राहते.

माझं म्हणणं असं की, अपघातानंतरचे पहिले काही तास तरी या वाक्याला काहीही किंमत देऊ नये. बोलणारा खोटं बोलत नसतो. पण नुकत्याच आदळलेल्या माणसाला स्वतःच्या शरीरात काय चाललंय हे कळण्याची सोयच त्या वेळी उरलेली नसते. म्हणून हा निर्णय त्याच्याकडे ठेवू नये, तपासणाऱ्याकडे द्यावा. आणि हे नुसतं ‘काळजी घ्या’ असं सांगून होणार नाही, कारण आज अपघातानंतरची सगळी व्यवस्था उशीर करणाऱ्याच्या सोयीची आणि लगेच जाणाऱ्याच्या गैरसोयीची आहे.

आधी वेदनेविषयी, कारण सगळा घोळ तिथून सुरू होतो. दुखलं तर लागलं, नाही दुखलं तर नाही लागलं, हा आपला रोजचा हिशेब असतो आणि रोजच्या जगण्यात तो बहुतेक वेळा बरोबरही येतो. मोठ्या धक्क्यानंतर तो कोलमडतो. दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या आघाडीवर काम करणारे अमेरिकन डॉक्टर हेन्री बीचर यांनी गंभीर जखमी सैनिकांना एकच साधा प्रश्न विचारला होता: दुखणं थांबवायला काही देऊ का? हाडं मोडलेल्या, पोटात-छातीत जखमा झालेल्या या माणसांपैकी जवळपास तीन चतुर्थांश जणांनी नको म्हणून सांगितलं. ते शुद्धीत होते, नीट बोलत होते. बीचर यांनी १९४६ मध्ये ही निरीक्षणं प्रसिद्ध केली आणि त्यामागचं एक कारणही सुचवलं: मरणाच्या तोंडातून आपण बाहेर आलो, ही सुटकेची भावना वेदनेला झाकून टाकते. मोटार अपघातातून चालत बाहेर आलेल्या माणसाच्या मनात पहिला विचार ‘वाचलो’ हाच असतो. त्याच वेळी ॲड्रेनॅलिन अंगभर पसरलेलं असतं, हृदय जोरात धडधडत असतं, स्नायू ताणलेले असतात, मेंदू धोक्याकडे बघत असतो. अशा अवस्थेतल्या शरीराने दिलेली साक्ष ग्राह्य धरायची का?

वेदनेपेक्षाही फसवा असतो रक्तदाब. प्रौढ माणसाच्या शरीरात साधारण पाच लिटर रक्त असतं. त्यातलं पंधरा टक्क्यांपर्यंत रक्त आतल्या आत वाहून गेलं तरी नाडी-रक्तदाबात फारसा फरक दिसत नाही. तीस टक्क्यांच्या आसपास जाईपर्यंतही वरचा रक्तदाब बऱ्याचदा टिकून असतो, कारण शरीर हातापायांच्या, त्वचेच्या रक्तवाहिन्या आवळून घेतं आणि मेंदू-हृदयाचा पुरवठा चालू ठेवतं. नाडी वाढते, हात गार पडतात, थोडी बेचैनी वाटते. पण अपघातानंतर कोणाला बेचैन वाटत नाही? ‘घाबरलाय बिचारा’ म्हणून त्याला पाणी देतात आणि बसवून ठेवतात. तरुण, धडधाकट माणसाचं शरीर ही तारेवरची कसरत जास्त वेळ करू शकतं, म्हणून तो जास्त वेळ ठणठणीत दिसतो आणि मग अचानक कोसळतो. ‘तरुण आहे, काही होत नाही’ हा दिलासा म्हणूनच मला सगळ्यात धोकादायक वाटतो.

आता आत काय होतं ते पाहू. गाडी थांबली तरी आतलं शरीर त्याच वेगाने पुढे जात राहतं, पट्ट्यावर किंवा स्टिअरिंगवर आदळून थांबतं, आणि शरीर थांबलं तरी आतले अवयव पुढे जात राहतात. मेंदू कवटीवर आपटतो, यकृत आणि पाणथरी (प्लीहा) आपापल्या बंधांना हिसका देतात, आतडी पट्टा आणि मणका यांच्यामध्ये दाबली जातात. वेग दुप्पट झाला की ही ऊर्जा चौपट होते, त्यामुळे ‘फार जोरात नव्हतो’ हे बोलणंही जरा जपूनच ऐकावं. या सगळ्यात कातडीवर ओरखडासुद्धा नसू शकतो. मुका मार म्हणून आपण ज्याला किरकोळ समजतो, त्याच्या पोटात हे सगळं असू शकतं.

पाणथरीचं उदाहरण घ्या. डाव्या बरगड्यांखाली असलेला हा रक्ताने भरलेला मऊ अवयव. माराने तो आत फाटतो, पण कधी कधी वरचं आवरण शाबूत राहतं आणि रक्त त्या आवरणाखाली साठत राहतं. काही तासांनी, कधी काही दिवसांनी ते आवरण फुटतं आणि पोटात रक्तस्राव सुरू होतो. तोपर्यंतची खूण काय, तर डाव्या कुशीत थोडंसं दुखणं, आणि कित्येकदा डाव्या खांद्यात कळ. खांद्याला तर काही लागलेलंच नसतं! पोटातलं रक्त श्वासपटलाला टोचतं आणि दुखणं खांद्यात जाणवतं. हे डॉक्टरला माहीत असतं; घरी बसून खांद्याला मलम चोळणाऱ्याला माहीत असण्याचं कारण नाही.

आतडं फाटलं तर त्याची तऱ्हा वेगळी. पहिल्या काही तासांत पोट मऊच लागतं, सीटी स्कॅनमध्येही ते सुटू शकतं. मग आतला मळ पोटात पसरतो, दाह सुरू होतो, ताप येतो, पोट कडक होतं. सीटबेल्टचा आडवा काळानिळा वळ पोटावर उमटला असेल तर ही शक्यता वाढते, आणि म्हणून तो वळ डॉक्टरला आवर्जून दाखवायचा असतो. (यावरून कोणी पट्ट्यालाच दोष देऊ नये. पुढच्या सीटवर बसलेल्याचा मृत्यूचा धोका पट्ट्याने जवळपास निम्म्यावर येतो. पट्ट्याचा वळ घेऊन दवाखान्यात जाणारा माणूस पट्ट्यामुळेच तिथवर पोचलेला असतो.)

डोक्याच्या बाबतीत तर ‘बरं वाटणं’ हा आजाराचाच एक टप्पा असू शकतो. कानशिलाजवळ कवटीचं हाड पातळ असतं आणि त्याच्या आतून एक धमनी जाते. हाडाला तडा जाऊन ती फाटली की कवटी आणि मेंदूचं आवरण यांच्यामध्ये रक्त साठू लागतं. माणूस क्षणभर शुद्ध हरपतो किंवा तेही होत नाही. मग नीट बोलतो, चालतो, हसतो. आणि रक्ताचा दाब मेंदूवर पुरेसा वाढला की डोकं दुखायला लागतं, उलट्या होतात, शुद्ध जाते. मधल्या त्या सुखरूप काळात शस्त्रक्रिया झाली तर माणूस पूर्ण बरा होण्याची चांगली शक्यता असते. ब्रिटिश अभिनेत्री नताशा रिचर्डसन मार्च २००९ मध्ये कॅनडात स्कीइंग करताना बर्फावर पडल्या. उतार नवशिक्यांचा होता, बाहेरून जखम नव्हती, आलेली रुग्णवाहिका परत पाठवण्यात आली. थोड्या वेळाने डोकं दुखू लागलं आणि दोन दिवसांनी त्यांचा मृत्यू झाला. वय ४५. कारण हाच रक्तस्राव. तो मोटार अपघात नव्हता, पण परत गेलेली ती रुग्णवाहिका मला प्रत्येक अपघाताच्या जागी दिसते. ‘काही झालं नाही’ हे वाक्य तिथेही पुरेसं मानलं गेलं होतं.

मानेतल्या मुख्य धमनीचा आतला पदर हिसक्याने फाटला तर तिथे गुठळी धरते आणि काही तासांनी, काही दिवसांनी मेंदूत जाऊन अर्धांगवायूचा झटका देते. ही जखम विरळ आहे. पण अपघातानंतर एका बाजूची मान दुखणं, बोलणं अडखळणं, एक पापणी उतरणं या गोष्टी ‘ताणामुळे’ म्हणून झटकून टाकू नयेत, एवढं तरी सगळ्यांना माहीत हवं.

वेळेचं महत्त्व सांगताना ‘गोल्डन अवर’, म्हणजे जखमीवर उपचार व्हायलाच हवेत असा पहिला तास, हा शब्द हमखास येतो. बाल्टिमोरचे शल्यविशारद ॲडम्स काउली यांनी तो रूढ केला. नेमक्या साठ मिनिटांना शास्त्रीय आधार फारसा नाही, पण त्यातला मूळ मुद्दा खरा आहे. मला अडचण दिसते ती दुसरीच: या शब्दामुळे घाई फक्त रक्तबंबाळ माणसाची, चालत्या-बोलत्या माणसाला वेळच वेळ आहे, असा समज पसरला. रक्तस्रावाच्या औषधाचं उदाहरण बघा. जपानच्या डॉक्टर उताको ओकामोटो आणि त्यांच्या पतींनी १९६० च्या दशकात ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड शोधलं. धरलेली गुठळी विरघळू न देणारं हे स्वस्त औषध. ४० देशांतल्या २७४ रुग्णालयांत, २०,००० हून अधिक जखमींवर त्याची चाचणी झाली आणि २०१० मध्ये निष्कर्ष आले. पहिल्या तीन तासांत औषध मिळालं तर रक्तस्रावाने होणारे मृत्यू कमी होतात, आणि जितकं लवकर तितका फायदा जास्त. तीन तास उलटल्यावर दिलं तर उलट अपायाची शक्यता दिसली. तेच औषध, तोच रुग्ण. मध्ये फक्त रस्त्याच्या कडेला वाद घालण्यात गेलेला वेळ.

यावर एक आक्षेप येतो आणि तो गांभीर्याने घ्यायला हवा. डॉक्टर मंडळीच विचारतात: प्रत्येक किरकोळ धडकेनंतर सगळे आपत्कालीन विभागात आले तर खऱ्या गंभीर रुग्णाचं काय होणार? शिवाय प्रत्येकाचे स्कॅन काढायचे का? क्ष-किरणांचाही अपाय असतो, आणि भीती घालून माणसाला आजारी पाडता येतं.

हे खरं आहे. म्हणूनच मी तपासणी म्हणतो, स्कॅन म्हणत नाही. या दोन्हींत फरक करण्याची साधनं वैद्यकाने कष्टाने घडवली आहेत. कॅनडात २००१ साली तयार झालेला मानेच्या मणक्यासंबंधीचा नियम बघा. रुग्ण पूर्ण सावध आहे, वय पासष्टच्या आत आहे, धडक धोकादायक प्रकारची नव्हती, हातापायांत मुंग्या नाहीत, आणि काही दिलासादायक खुणांपैकी एखादी आहे. मग डॉक्टर त्याला मान डावीकडे आणि उजवीकडे पंचेचाळीस अंशांत वळवायला सांगतो. वळवता आली तर क्ष-किरण फोटोची गरज नाही. काही मिनिटांचं काम. डोक्याच्या सीटी स्कॅनसाठीही असेच नियम आहेत. माणूस किती शुद्धीत आहे हे मोजण्याची ग्लासगोची मोजपट्टी १९७४ पासून जगभर वापरात आहे, आणि तिला लागतात फक्त तपासणाऱ्याचे डोळे, आवाज आणि हात. म्हणजे लवकर तपासणीने स्कॅन वाढतीलच असं नाही. ज्यांना गरज नाही त्यांना खात्रीने घरी पाठवता येणं हाही त्या तपासणीचाच लाभ.

मानेला बसलेल्या झटक्याचं तर उलटंच आहे. क्वेबेकमधल्या तज्ज्ञगटाने १९९५ मध्ये उपलब्ध अभ्यास चाळून सांगितलं की, हाड मोडलेलं नसेल तर बहुतेकांसाठी मानेला पट्टा बांधून पडून राहण्यापेक्षा लवकर हालचाल आणि नेहमीच्या कामाला लागणं चांगलं. पण ‘हलवा, काही होणार नाही’ हे सांगण्याचा अधिकार कोणाला? ज्याने मान तपासली त्यालाच. न तपासता घरी बसलेला माणूस एक तर भीतीने मान हलवत नाही, किंवा मोडलेल्या मणक्यावर मालीश करून घेतो. दोन्ही वाईट.

म्हणून गर्दीच्या आक्षेपावर माझं उत्तर असं: सगळ्यांनी मोठ्या रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात धावू नये, पण सगळ्यांची त्याच दिवशी कोणा ना कोणा डॉक्टरकडून तपासणी व्हावी. डोकं दुखणं, उलटी, गुंगी, छातीत-पोटात दुखणं, धाप, मणक्यावर दुखणं, हातापायात मुंग्या किंवा अशक्तपणा, लघवीतून रक्त. यांपैकी काहीही असेल तर मात्र थेट आपत्कालीन विभाग, आणि मान किंवा पाठ दुखत असेल तर रुग्णवाहिका येईपर्यंत हलवाहलव नाही, गाडीने पेट घेण्यासारखा धोका असेल तरच.

काही जणांच्या बाबतीत लक्षणांची वाटच पाहायची नाही. गर्भवती स्त्रीच्या पोटाला बाहेरून काही लागलेलं नसतानाही वार गर्भाशयापासून सुटू शकते. तिच्या शरीरात रक्त वाढलेलं असतं, त्यामुळे तिची नाडी बरीच उशिरा बिघडते आणि धोका आधी बाळाला पोचतो. बाळाच्या ठोक्यांवर निदान चार तास नजर ठेवायची असते, आणि आईचा रक्तगट आरएच निगेटिव्ह असेल तर त्यासाठीचं इंजेक्शन बहात्तर तासांच्या आत द्यायचं असतं. म्हाताऱ्या माणसांचा मेंदू थोडा आक्रसलेला असतो, शिरा ताणलेल्या असतात. साध्या धक्क्याने आत झिरपू लागलेलं रक्त आठवड्यांनी ‘आजोबा हल्ली विसरतात’ अशा रूपात समोर येतं. रक्त पातळ होण्याची गोळी चालू असेल तर धोका बराच वाढतो, आणि रक्तदाबाच्या काही गोळ्या नाडीला वाढूच देत नाहीत, म्हणजे धोक्याची घंटाच बंद. लहान मुलांच्या बरगड्या लवचीक असतात, त्या न मोडताही आतल्या फुप्फुसाला मार बसतो. आणि कुठे दुखतंय हे चिमुरड्याने नीट सांगावं अशी अपेक्षा कोण ठेवणार?

तरीही लोक जात नाहीत, आणि तो निव्वळ निष्काळजीपणा असतो असं मला मुळीच वाटत नाही. गाडी चालवणाऱ्याच्या मनात अपराधीपणा असतो. बाकीच्यांना सांभाळता सांभाळता तो स्वतःला शेवटी ठेवतो. मागे बसलेल्याला वाटतं, आपण दवाखान्याचं नाव काढलं तर चालवणाऱ्यावर आणखी ठपका येईल. कोणाला खर्चाची धास्ती, कोणाला पोलिसांच्या जबाबाची. कोणाची दिवसाची कमाई बुडते. ‘एवढ्याशा गोष्टीचा बाऊ करतो’ हे ऐकावं लागेल, हा संकोच तर जवळपास प्रत्येकाला असतो.

आणि या संकोचाला बळी पडून जो चार दिवस थांबतो, त्याला व्यवस्था पाचव्या दिवशी शिक्षा करते. विम्याचा दावा तपासणारा विचारतो: इतकं दुखत होतं तर पहिल्या दिवशी का गेला नाहीत? मधले कोरे दिवस हा खोटेपणाचा पुरावा ठरतो. मला हे अन्यायाचं वाटतं, आणि शास्त्रालाही सोडून वाटतं. वर सांगितलेल्या त्या कॅनडातल्या नियमात ‘मानदुखी उशिरा सुरू होणं’ ही एक दिलासादायक खूण म्हणून नोंदलेली आहे. म्हणजे दुखणं उशिरा सुरू होतं, हे वैद्यकाने गृहीतच धरलं आहे. वैद्यकाला मान्य असलेली गोष्ट दावे तपासणाऱ्याला संशयास्पद का वाटावी? पहिल्या दिवशीच्या तपासणीची नोंद दोन्ही बाजूंच्या सत्याच्या कामी येते हे मान्य. पण मग ती तपासणी सहज व्हावी याची जबाबदारीही नोंद मागणाऱ्यांनी उचलायला हवी. धडकेनंतरची पहिली तपासणी विनामूल्य असावी, दावा मंजूर होण्याशी तिचा संबंध नसावा, आणि कुठलाही जबाब किंवा कागद तिच्या आड येऊ नये. गाडीच्या विम्यात गाडी ओढून नेण्याचा खर्च मिळू शकतो, तसा त्यात बसलेल्या प्रत्येकाच्या तपासणीचाही मिळावा. युरोपीय संघात २०१८ पासून नव्या मॉडेलच्या मोटारींना एअरबॅग उघडताच आपत्कालीन क्रमांकाला आपण होऊन फोन करणारी यंत्रणा सक्तीची आहे. चालकाला काही लागलं की नाही हे त्याला विचारत बसायचं नाही, इतपत समज कायद्याने दाखवली आहे. तीच समज पुढच्या टप्प्यांवरही हवी.

डॉक्टरकडे गेल्यावर काय सांगायचं हेही लोकांना शिकवायला हवं. ‘कुठे दुखतंय’ इतकंच सांगून भागत नाही. वेग किती होता, धडक समोरून की बाजूने, तुम्ही कुठल्या सीटवर होता, पट्टा होता का, एअरबॅग उघडली का, गाडी उलटली का, दार आत घुसलं का, गाडीतून कोणी बाहेर फेकलं गेलं का, त्याच गाडीत कोणाचा मृत्यू झाला का. जखमीला कुठे न्यायचं हे ठरवताना रुग्णवाहिकेवरचे कर्मचारी याच गोष्टी बघतात, कारण त्यावरून आत काय झालं असेल याचा अंदाज बांधता येतो. मोबाइलमध्ये गाडीचा फोटो विम्यासाठी काढलेलाच असतो. तो डॉक्टरलाही दाखवा. चालू असलेल्या गोळ्यांची नावं सांगा.

आणि डॉक्टरांकडूनही एक अपेक्षा आहे. पहिली तपासणी निर्दोष आली म्हणजे विषय संपला असं नसतं. आतडं, पाणथरी, मेंदूभोवतीचं रक्त यांतलं काहीही त्या घडीला लपलेलं असू शकतं. घरी पाठवताना, काय झालं तर परत यायचं हे रुग्णाच्या भाषेत लिहून द्यावं, पहिली रात्र सोबत कोण असणार हे विचारावं, आणि तो कागद त्या सोबतच्या माणसाच्या हातात द्यावा, कारण गुंगी आलेल्याला आपल्याला गुंगी आली आहे हे कळत नाही. दुसऱ्या दिवशी तोच माणूस दारात आला तर ‘काल तर चांगले होतात’ असं त्याला कोणी ऐकवू नये. त्याला आत घ्यावं, आणि पुन्हा पहिल्यापासून तपासावं.